पांढरी पाच

आमच्या घरातली वीज पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात गाते. हे मला आप्पांनी सांगितलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते. आई आत झोपली होती आणि बाहेरच्या खोलीत मी सतरंजीवर बसलो होतो, पुढ्यात पोट उघडं टाकलेला ॲम्प्लिफायर. स्पीकरमधून सारखं "घुंऽऽ" येत होतं. आप्पा उठले, कोपऱ्यातली पेटी ओढली, नराची खुंटी आत ढकलली, खर्जाची बाहेर काढली आणि डावीकडून एकेक पट्टी दाबत निघाले. एका पट्टीवर थांबले. पेटीचा सूर आणि स्पीकरचा सूर एकमेकांत मिसळले आणि त्यातून एक लहर उठायला लागली, सेकंदाला दोनदा, झोपाळ्याच्या झोक्यासारखी.

"पांढरी पाच," आप्पा म्हणाले. "जरा चढी हाय. पर पांढरी पाचच."

मी वही काढून हिशोब केला. पेटीच्या खर्जातली पांढरी पाच म्हणजे ९८ हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची, पण ब्रिज रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागातून गेली की तिचे वरचे-खालचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला येतात आणि लहर दुप्पट होते, १०० हर्ट्झ. ९८ आणि १०० यांत फरक दोनाचा, म्हणून सेकंदाला दोन झोके. लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप माझ्याकडे नाही. त्या रात्री आप्पांच्या पेटीनं ते काम केलं.

आप्पा गिरणीत जॉबर होते. सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो: माग चालवतो तो विणकर, आणि माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून हे गाव भोंग्यावर उठलं आणि भोंग्यावर जेवलं. आप्पांच्या वाट्याला त्या काळाचं शेवटचं टोक आलं. गिरणी बंद पडल्यावर ते पूर्व भागातल्या यंत्रमागांवर गेले. लहानपणी त्यांचा डबा द्यायला मी शेडमध्ये जायचो. आत पाऊल टाकलं की आवाज कानात नाही, छातीतच शिरायचा. ओरडून बोललेलं हातभर अंतरावर ऐकू यायचं नाही, सगळे खाणाखुणांनी बोलायचे. आणि त्या गदारोळात आप्पा एकदम मान वळवून चौथ्या रांगेतल्या एका मागाकडे चालू लागायचे. धोट्याचा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या तुकड्याचा, खटका उशिरा पडतोय हे त्यांनी ऐकलेलं असायचं.

ॲम्प्लिफायर करायचं ठरलं ते चार कॅसेटांपायी. आप्पांच्या भजनी मंडळाचं गाणं १९९१ साली कुणीतरी टेपवर भरून ठेवलं होतं. पेटीवर आप्पा, पखवाज शेजारच्या आळीतले एकजण, टाळ धरायला गिरणीतलेच सोबती. त्या मंडळातले आता तिघेच उरलेत. घरातला डेक अजून चालतो, पण त्याच्या जोडीचा ॲम्प्लिफायर कधीच गेला होता. बाजारातून आणलेल्या सेटवर कॅसेट लावून पाहिली. पखवाजाचा धूम एवढा फुगून यायचा की पेटी त्याच्याखाली गुदमरायची. आप्पा दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "बंद कर." मला ते लागलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, ट्रान्झिस्टरची आकृती दरवर्षी फळ्यावर काढतो. ठरवलं, आता हातानं करायचा.

हात तयार झाला होता तो चाचांकडे. नवी पेठेत एका जिन्याखाली त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि सातवी-आठवीत असताना सुट्टीभर मी तिथं पडीक असायचो. चाचा रेझिस्टरला रेझिस्टन्स म्हणायचे आणि कपॅसिटरला कंडेन्सर. वर्गात मी मुलांना पुस्तकातले शब्द शिकवतो, पण सोल्डरिंगची कांडी हातात आली की माझ्याही तोंडी कंडेन्सरच येतो. आता चाचांचं वय झालंय, दुकान मुलाकडे आहे, तिथं मोबाईल दुरुस्त होतात. पण मी कागद घेऊन गेलो तर त्यांनी चष्मा लावून अख्खा सर्किट बोटानं वाचून काढला, डावीकडून उजवीकडे, पोथी वाचावी तसा.

सर्किट नवं नाही. जगभर हजारो लोकांनी याच वळणाचे ॲम्प्लिफायर केलेत. तोंडाशी दोन छोटे ट्रान्झिस्टर जोडीनं, मग एक जो व्होल्टेज वाढवतो, मग ड्रायव्हर आणि शेवटी दोन दणकट, ज्यांना चाचा "फायनल" म्हणतात. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४ व्होल्ट, पाच अँपिअरचा, इथल्याच एका वायंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतला. डीसी करून बिनलोड दोन्हीकडे ३६ व्होल्ट आले, लोडवर ३२-३३. आठ ओहमच्या स्पीकरला त्यातून पंचेचाळीसेक वॉट सुटतात. एवढे लागत नाहीत. खोलीत बसून भजन ऐकायला एक वॉटसुद्धा पुष्कळ होतो. बाकीचे असतात ते पखवाजावर थाप पडते त्या क्षणासाठी, आवाज वर जाऊन डोकं आपटू नये म्हणून.

आप्पांना सर्किट समजावून सांगताना मला ते स्वतःला जास्त कळलं. शेवटचे दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीनं काम करतात. आवाजाची लहर वर जाते तेव्हा एक ढकलतो, खाली येते तेव्हा दुसरा ओढतो. पण सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर पहिले ०.६ व्होल्ट मिळेपर्यंत हलतच नाही. म्हणजे एकानं सोडलं आणि दुसऱ्यानं अजून धरलं नाही अशी एक फट मधे पडते. मोठ्या आवाजात ती लपून जाते. हळू आवाजात, तानपुऱ्याच्या शेवटच्या विरत्या स्वरात मात्र ती कचकचते. मी हे कागदावर काढून दाखवत होतो तर आप्पा म्हणाले, "ह्ये धोट्यासारखंच की. हिकडनं मारलं, तिकडनं झेललं. झेलणारा तयार नसला तर कापडात दोष." अगदी तेच. म्हणून दोघांनाही कायम थोडं जागं ठेवायचं असतं. गाणं चालू नसलं तरी दोघांतून जरासा करंट वाहता ठेवायचा, माझ्या बाबतीत ५० मिलीअँपिअर. त्याला बायस म्हणतात. फायनलच्या पायाशी ०.२२ ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टन्स असतो, त्याच्या दोन टोकांना मीटर लावायचा आणि ११ मिलिव्होल्ट येईपर्यंत प्रीसेट, म्हणजे स्क्रूनं कमी-जास्त करायचा छोटा रेझिस्टन्स, हळूहळू फिरवायचा. नखाएवढा स्क्रूड्रायव्हर, आणि श्वास रोखलेला.

दुसरी गोष्ट फीडबॅकची. ती मला या सगळ्यात सुंदर वाटते. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरल्ड ब्लॅक हा बेल लॅब्जचा तरुण इंजिनिअर कामावर निघाला होता. हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीत त्याला ही कल्पना सुचली आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्यानं ती लिहून काढली. टेलिफोनच्या लांब तारांवर ॲम्प्लिफायरमागून ॲम्प्लिफायर लावावे लागत आणि प्रत्येक जण आवाजात थोडी घाण मिसळायचा. ब्लॅक म्हणाला, बाहेर पडलेल्या आवाजाचा एक अंश उलटा करून परत तोंडाशी आणा आणि मूळ आवाजाशी ताडून पाहा. जो फरक दिसेल ती ॲम्प्लिफायरची स्वतःची चूक. ती तिथंच वजा होते. या सौद्यात आवाजाची वाढ बरीच गमवावी लागते, पण उरते ती स्वच्छ असते. माझ्या बोर्डावर हे काम दोन रेझिस्टन्स करतात, एक २२ किलोओहमचा आणि एक एक किलोओहमचा. त्यांच्या गुणोत्तरात एक मिळवला की २३. आत आलेला आवाज बरोबर तेवीस पट होऊन बाहेर पडतो. ट्रान्झिस्टर कुठल्या कंपनीचा, कुठल्या लॉटचा, यावर ते फारसं अवलंबून नाही. दीड-दीड रुपयाच्या दोन रेझिस्टन्सवर एवढी मोठी जबाबदारी.

बोर्ड घरीच केला. ट्रेसिंग लेझर प्रिंटरवर काढून कपड्याच्या इस्त्रीनं तांब्यावर उतरवलं, फेरिक क्लोराइडच्या पिवळट-तपकिरी पाण्यात बुडवून नको तेवढं तांबं खाऊ दिलं. आईनं जुना प्लॅस्टिकचा टब दिला आणि पुन्हा तो स्वयंपाकघरात आणायचं नाही असं बजावलं. डबा म्हणून एका जुन्या स्टॅबिलायझरचा पत्रा, कारण त्याला हवेसाठी चिरा आधीच होत्या. ट्रान्झिस्टरची उष्णता हवेत सोडणारं हीट सिंक भंगारातून किलोच्या भावानं आणलं, कुठल्यातरी मोठ्या यूपीएसचं ॲल्युमिनियम.

हीट सिंकचा हिशोब मात्र सोलापूरच्या मानानं करावा लागतो. पुस्तकातली उदाहरणं भोवतालचं तापमान २५ अंश धरतात. ते आमच्याकडे थंडीतच मिळतं. माझ्या दोन फायनलांतून वाईटात वाईट वेळी साधारण २८ वॉट उष्णता निघते. हीट सिंक वॉटमागे एक अंश तापणारं घेतलं तर २८ अंशांची भर. पुस्तकातल्या खोलीत ते ५३ वर थांबेल. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत ४३ असताना ते ७१ वर जातं, बोट ठेववत नाही. मी हिशोबानं निघालं त्याच्या दुप्पट ॲल्युमिनियम लावलं. तरीही चूक झालीच, ती दुसरीकडे.

चाचांनी निघताना बजावलं होतं, "पहिल्यांदा लावशील तेव्हा सिरीज लाव." म्हणजे बोर्डाला सरळ वीज द्यायची नाही, मधे शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सगळी ताकद स्वतः खातो, ट्रान्झिस्टर वाचतात. सगळं ठीक असेल तर कंडेन्सर भरेपर्यंत बल्ब क्षणभर लखकन उजळतो आणि विझत जातो. मार्चच्या एका रविवारी मी बटण दाबलं. बल्ब उजळला. मग तांबूस झाला, मग नुसती तार दिसायला लागली, मग काहीच नाही. मी आउटपुटवर मीटर लावला, १४ मिलिव्होल्ट. पन्नासाच्या आत असलं की चालतं. तो बल्ब विझताना पाहण्यात जो आनंद होता तो मला दुसऱ्या कशाशी तोलता येत नाही. आप्पाही शेजारी उकिडवे बसून बल्बकडेच बघत होते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं जळालं.

रात्री दहाला बायस लावून ठेवला होता, तेव्हा खोलीत ३१ अंश होते. सिरीजचा बल्ब काढून टाकला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, बाहेर ४१, मी तासभर गाणी लावली. आवाज उत्तम येत होता. मग एकदम स्पीकरमधून ठप्प असा आवाज आला, त्याचा पडदा पुढे येऊन तिथंच अडकला आणि जळक्या व्हार्निशचा वास सुटला. मी प्लग ओढेपर्यंत दहा इंची वूफरची कॉइल गेली होती. फ्यूजही गेला होता, पण फ्यूज वितळायच्या आत ट्रान्झिस्टर मरतो. वाचवायला तो उरत नाही.

कारण पुढे दोन दिवस शोधलं. सिलिकॉन तापला की त्याला जागं करायला लागणारा व्होल्टेज अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्टनं उतरतो. म्हणजे रात्री लावलेला बायस दुपारी जास्त ठरतो. जास्त करंट, म्हणून जास्त उष्णता, म्हणून आणखी करंट. हे चक्र एकदा फिरायला लागलं की काही मिनिटांत ट्रान्झिस्टर स्वतःलाच शिजवतो. हे होऊ नये म्हणून सर्किटमध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर खास पहारेकरी असतो. फायनल तापले की तो बायस आपोआप उतरवतो. पण त्यासाठी त्याला ती उष्णता जाणवायला हवी. माझा पहारेकरी बोर्डावर उभा होता, हीट सिंकपासून चार इंच लांब, पंख्याच्या वाऱ्यात. आग लागलेली त्याला कळलीच नाही.

मेलेले फायनल मी चाचांकडे नेले. त्यांनी एक पक्कडीत धरला आणि काळं प्लॅस्टिक टिचवलं. आत तांब्याच्या पट्टीवर सिलिकॉनची चकती असते. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक जुना, असाच कधीतरी फोडून ठेवलेला काढला आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवले. जुन्यातली चकती चांगली शेंगदाण्याच्या अर्धुकाएवढी होती. माझ्यातली जेमतेम मसुराच्या डाळीएवढी. वरचा नंबर तोच, अक्षरं तशीच, पाय तसेच. १५ अँपिअर पेलेल असं बाहेर लिहिलेलं, आत त्या पोटाचं काहीच नाही. कुठून घेतले हे मी लिहीत नाही. दुकानदारालाही कदाचित माहीत नसेल. पण ही फसवणूक मला फार टोचली. रेझिस्टन्स चुकला तर माझा हिशोब चुकला, तो मी सुधारेन. नंबरच खोटा असेल तर कागदावरचा कुठलाच हिशोब खरा राहत नाही, आणि नवीन शिकणारं पोर स्वतःलाच दोष देत हे काम सोडून देतं. मुलांना मी आता पहिल्यांदा हेच दाखवतो. दोन चकत्या डबीत ठेवून वर्गात फिरवतो.

दुसरा बोर्ड जूनमध्ये झाला, पहिल्या पावसानंतर. या वेळी पहारेकरी ट्रान्झिस्टर फायनलच्या अगदी शेजारी, त्याच हीट सिंकवर, मायका आणि पांढरी पेस्ट लावून स्क्रूनं आवळला. स्पीकरच्या वाटेत रिले टाकला, डीसी आलं की तो तार तोडतो. फायनल पुण्याहून एका ओळखीच्या माणसाकरवी मागवले. नवा वूफर घेतला. बायस लावला, हीट सिंकवर हेअर ड्रायरचा गरम झोत धरला, मीटरकडे बघत राहिलो. ११, १२, पुन्हा ११, १०. पहारेकरी जागा होता.

आणि मग हे "घुंऽऽ". सगळं बरोबर चाललेलं असताना, गाणं थांबलं की मागे उरणारं.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखाच कंडेन्सर वाढवत गेलो. दहा हजार मायक्रोफॅरडचे दोन होते, त्यांना आणखी दोन जोडले. काही फरक नाही. तीन आठवडे गेले. आप्पांनी पेटीवर पांढरी पाच दाबली त्या रात्री मला निदान एवढं कळलं की शत्रू १०० हर्ट्झचा आहे, म्हणजे रेक्टिफायरच्या बाजूनंच येतोय. कंडेन्सर वाढवून जात नाही, याचा अर्थ तो सप्लायमधून नाही, जमिनीतून येतोय. जमीन म्हणजे अर्थ नव्हे, सर्किटचा शून्य, जिथून बाकी सगळे व्होल्टेज मोजायचे.

कंडेन्सर सतत भरत नाहीत. लहरीच्या माथ्यावर, सेकंदाला शंभर वेळा, ते घोटभर पण जोरकस करंट ओढतात. आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि वरच्या घरानं मोटार लावली की खालच्या घराची धार बारीक होते. पाइप एकच असल्यानं एकाचा ओढा दुसऱ्याला कळतो. माझ्या बोर्डावर तेच चाललं होतं. कंडेन्सरचा तो शंभर हिसक्यांचा करंट ज्या तारेतून जायचा, त्याच तारेवर मी इनपुटचा शून्य टेकवला होता. तारेला जाडीमुळे रेझिस्टन्स अगदी नगण्य, पण काही मिलिव्होल्ट पडायचेच, आणि ते तेवीस पट होऊन बाहेर यायचे. मी सगळ्या शून्याच्या तारा उपटल्या. दोन्ही कंडेन्सरच्या मधल्या जाड पट्टीपासून एक आखूड तार काढून तिच्या टोकाशी एक बोल्ट ठेवला आणि स्पीकरची, इनपुटची, बोर्डाची, प्रत्येकाची वेगळी तार त्या एकाच बोल्टवर आणली. या रचनेला स्टार म्हणतात. ज्याचा त्याचा नळ टाकीपासून वेगळा.

"घुंऽऽ" गेलं. म्हणजे मला तसं वाटलं.

आप्पा म्हणाले, "हाय अजून. येगळा हाय पर." मी स्पीकरच्या जाळीला कान लावला. खोल, मऊ असं काहीतरी होतं खरं. आप्पांनी पुन्हा खर्ज उघडला आणि डावीकडे सरकत सरकत पहिल्या पट्टीपर्यंत आले. मान हलवली. "पेटीत न्हाई ह्यो. पेटीच्या खाली हाय."

पेटीची सगळ्यात खालची पट्टी ६५ हर्ट्झच्या आसपास. तिच्याही खाली म्हणजे ५०, वीज जशी खांबावरून येते तशीच, रेक्टिफायरमध्ये न शिरलेली. ती तारेतून आलेली नसणार. मी टॉर्च धरला. ट्रान्सफॉर्मर डब्याच्या डाव्या कोपऱ्यात होता आणि इनपुटची वायर त्याच्यावरून वळसा घेऊन गेली होती. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यातून थोडं चुंबकत्व बाहेर सांडतंच, आणि त्याच्या वाटेत वळसा घातलेली तार म्हणजे नवा ट्रान्सफॉर्मरच. मी वायर उचलून उजव्या भिंतीशी नेली. आवाज निम्म्यावर आला. मग ट्रान्सफॉर्मरचे चारही स्क्रू सैल केले आणि चालू स्थितीतच, हातात रबरी मोजा घालून, तो जागच्या जागी सावकाश वळवायला लागलो. आप्पा स्पीकरला कान लावून बसले होते आणि हातानं खुणा करत होते, शेडमध्ये करायचे तशाच. आणखी. आणखी. थांब. जरा मागं. त्यांचा पंजा उघडाच राहिला हवेत.

"बंद केलास काय?"

"नाही. चालू आहे."

त्यांनी उठून स्वतः लाल दिवा पाहिला.

चारही स्क्रू मी तिथंच आवळले. ट्रान्सफॉर्मर आता डब्यात जरा तिरका बसलाय, कुणी झाकण उघडलं तर घाईत बसवल्यासारखा वाटेल. तो कोन आप्पांनी कानानं ठरवलेला आहे.

आवाज पूर्ण वर केला तरी स्पीकरजवळ काही नाही. ट्वीटरला, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला, अगदी कान टेकला तर बारीक "सूं" येतं, रेझिस्टन्समधल्या इलेक्ट्रॉनांच्या धावपळीचं. ते कुठल्याच ॲम्प्लिफायरमधून पुरतं जात नाही. या शांततेचा मला अभिमान होता. टोन कंट्रोलसुद्धा मी ठरवून ठेवले नव्हते. बास नाही, ट्रेबल नाही. जे कॅसेटवर आहे ते तसंच, तेवीस पट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १९९१ची पहिली कॅसेट लावली. पखवाज स्वच्छ, पेटी स्वच्छ, मधेच कुणीतरी खाकरलेलं स्वच्छ. मागे टेपची सरसर. आणि टाळ असे की अंगावर काटा आला, धातूवर धातू, प्रत्येक ठोका सुटा. आप्पा मांडी घालून ऐकत होते. पहिला अभंग संपला. म्हणाले, "झकास. पर टाळ कुणी धरलेच न्हाईत का त्या दिवशी?"

मी काही बोललो नाही. रात्री ते झोपायच्या आधी मोबाईलवरून एकेक सूर ॲम्प्लिफायरमधून सोडला आणि ऐकू आला की हात वर करा म्हणालो. ५००, हात वर. १०००, वर. २०००, जरा थांबून वर. ३०००ला आवाज बराच वाढवावा लागला. ४०००ला मला तो सूर कानात सुईसारखा टोचत होता आणि आप्पा माझ्याकडे बघत होते, मी सुरू कधी करतोय याची वाट बघत. मागांचा आवाज कानातला हाच भाग आधी खातो, तीन ते सहा हजारांच्या मधला. त्या शेडमध्ये कुणी कानात कापूससुद्धा घालायचे नाहीत. कापूस तर सगळीकडे उडत होता. धोट्याचा खटका ऐकून माग ओळखणाऱ्या माणसानं त्या ओळखीची किंमत टाळांनी भरली होती, आणि शेजारी राहून मला हे इतकी वर्षं कळलं नव्हतं. विजेचं "घुंऽऽ" मात्र त्यांना माझ्याआधी ऐकू यायचं. खालचे सूर त्यांचे शाबूत आहेत.

पुढच्या रविवारी मी टोन कंट्रोलचा छोटा बोर्ड केला. पीटर बॅक्संडॉल यांनी १९५२ साली मांडलेलं सर्किट, आजही अनेक सेटमधल्या बास-ट्रेबलच्या खुंट्यांमागे त्याचाच वंश असतो. मी त्यातला फक्त ट्रेबलचा भाग घेतला. खुंटी पूर्ण उजवीकडे फिरवली की वरचे सूर बारा डेसिबलनी चढतात, व्होल्टेजमध्ये चौपट. त्यासाठी लागणारी ताकद आहेच, पंचेचाळीस वॉट आतापर्यंत रिकामे बसून होते. पण टेपची सरसरही चौपट, आणि माझ्या ॲम्प्लिफायरचं "सूं" सुद्धा आता हातभर लांबून ऐकू येतं. तीन आठवडे आणि एक तिरका ट्रान्सफॉर्मर घालून जी शांतता मिळवली होती, ती खुंटीच्या पाऊण फेरीत गेली.

कॅसेट तीच लावली. मला टाळ असह्य होत होते, सरसर तर पत्र्यावरच्या पावसासारखी, म्हणून मी मधल्या दारात जाऊन बसलो. आप्पा स्पीकरच्या समोर, डोळे मिटून. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर ठेका धरायला लागला, आधी पखवाजाबरोबर, मग त्याहून बारीक, टाळांच्या अंगानं.

"आला," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. अभंग संपत आला तसे डोळे उघडून माझ्याकडे वळले. "शेवटाला लय पळवतोय बग. तवाबी असाच पळवायचा. मी पेटी दाबून धरायचो."

आणि त्यांनी कोपऱ्यातली पेटी ओढली.